दुसऱ्या सत्रातल्या चार रेघा

कागदावर अठ्ठावीस रेघा होत्या. पहिल्या सत्राच्या चौकटीत नऊ, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अकरा. दोन रेघांवर फुल्या होत्या, म्हणजे दोन गोल. तीन ठिकाणी बारीक वर्तुळं होती. ती गोलाच्या खांबाला लागून परतलेल्या फटक्यांची, आणि ती बेरजेत धरायची नसतात. शेजारी कॉलेजच्या नोंदणीच्या टेबलावरून आणलेला छापील कागद होता. त्यावर पहिल्या सत्रात नऊ, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अकरा. गोल तीन. रोंडा कोस्केलाने शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे दोन कागद पाचव्यांदा शेजारी शेजारी ठेवले आणि बोटाने पुन्हा मोजले. चार फटके आणि त्यातला एक गोल तिच्या कागदावर नव्हता. एकोणतीस हिवाळे ती कॉलेजच्या बर्फावरच्या हॉकीचे शुक्रवार-शनिवारचे सामने पाहत होती आणि आपल्या संघाच्या पोरांचा प्रत्येक फटका मोजत होती. कागदाकडे न बघता रेघ मारायची तिला सवय होती; डोळे चकतीवर, पेन्सिल मांडीवर. सगळे कागद कपाटात बुटांच्या खोक्यांत तारखेप्रमाणे लावलेले होते. छापील आकड्याशी तिचा आकडा जुळला नाही असं आजवर सहा वेळा झालं होतं, आणि सहाही वेळा फरक एकाचा होता. त्यातल्या दोनदा चूक छापील कागदाची होती, असं वॉरन म्हणायचा. वॉरन तिचा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तिच्या तोंडाकडे बघणारं तेव्हापासून कुणी नव्हतं, आणि हे तिला आज सकाळी पहिल्यांदा वेगळ्या अर्थाने लक्षात आलं.

पोर्ट हेल्मर गावच्या रिंकमध्ये, बर्फाच्या मैदानावर, आपला गोल झाला की भोंगा वाजतो, बँड सुरू होतो, आणि मग सगळं प्रेक्षागार उभं राहून पाहुण्यांच्या गोलरक्षकाकडे बोट रोखतं आणि झालेले गोल पहिल्यापासून मोठ्याने मोजतं. काल दुसरं सत्र संपायला चार मिनिटं असताना गोल झाला. रोंडा उठली, बोट रोखलं आणि तीन हजार माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडली, "एक! दोन!" आणि थांबली. बाकीचे थांबले नाहीत. "तीन!" असा आवाज छताला जाऊन आदळला. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं तिला झालं. आधी तिला वाटलं, लोक चुकले. तीन हजार लोक एका दमात चुकले असं आपल्याला वाटू शकलं, हे आठवून आता तिला जास्तच कसंतरी झालं. मग तिने वर टांगलेल्या फलकाकडे पाहिलं. तीन-एक. तिचं बोट अजून तसंच त्या गोलरक्षकाकडे रोखलेलं होतं. ते तिने हळूच कोटाच्या खिशात घातलं.

रात्रभर तिने ते भोक शोधलं होतं. पाहुण्यांचे दोन खेळाडू पाठोपाठ शिक्षा होऊन बाहेर बसले, ते तिला आठवत होतं. त्यांच्या गोलरक्षकाने मुखवटा वर करून बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, त्याचे थेंब त्याच्या हिरव्या पॅडवर ओघळले, ते आठवत होतं. आणि त्यानंतर लगेच, अगदी त्याला चिकटून, उजवीकडच्या वर्तुळात पंचाने खेळ पुन्हा सुरू करायला चकती टाकली. मध्ये अंधार नव्हता, चक्कर नव्हती, घाम नव्हता. पण छापील कागद म्हणत होता की पाण्याची बाटली आणि पंचाचा हात यांच्या मध्ये चार फटके मारले गेले, एक आत गेला, भोंगा वाजला, बँड वाजला आणि तीन हजार माणसांनी "एक! दोन!" असं मोजलं. सुमारे दोन मिनिटं. कापड फाटलं असतं तर बोट घालून बघता आलं असतं. हे कुणीतरी इतकं बेमालूम रफू केलं होतं की उलटीकडूनही टाका दिसत नव्हता. आणि मग तिच्या मनात आलं, रफू असंच असेल तर अशा जागा आणखी किती असतील? आपण फटके फक्त शुक्रवारी आणि शनिवारी मोजतो. उरलेले पाच दिवस कोण मोजतं?

तिला रेइनोमामा आठवला. आठवला म्हणणं बरोबर नाही. तो काल रात्रीपासून टेबलाच्या पलीकडे बसूनच होता. ती नऊ वर्षांची असताना, तळ्याकाठच्या लाकडी सौनात, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या खोलीत, तो बाकावरून वाकून भट्टीवरच्या दगडांवर पाणी टाकत माशांची गोष्ट सांगत होता. सांगता सांगता तो थांबला. डावा हात भट्टीच्या लोखंडी कडेवर टेकलेला. रोंडा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, कारण तिला वाटलं, तो मजा करतोय. ओठ किंचित हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. तिने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. एकतीस झाले तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं, मासा किती मोठा होता ते सांगितलं, आणि मग नाक वर करून विचारलं, "काय गं जळतंय?" घरात त्याला सगळे म्हणत, रेइनो खिडकीबाहेर गेलाय. बाहेर गेलाय, येईल परत. ओरडायचं नाही, हलवायचं नाही, आपलं काम करत राहायचं. पुढच्या वर्षी लाकडाचा ट्रक चालवण्याचं त्याचं काम सुटलं. त्यानंतरचे सगळे उन्हाळे तो ओसरीत बसून असायचा, आणि बोलताना खिशातली ट्रकची किल्ली चाचपत राहायचा. ट्रक कधीच विकला गेला होता.

आणि गुरुवार. गुरुवारकडे ती सकाळपासून जायचं टाळत होती. रोंडा शाळेची बस चालवत असे. सात नंबरची, अडतीस मुलं, तळ्याच्या काठाने जाणारा रस्ता. रेल्वेच्या फाटकाशी, रूळ रिकामे दिसले तरी, बस पूर्ण थांबवायची, मुलांना गप्प करायचं, दार उघडायचं, ऐकायचं, दार बंद करायचं आणि मग जायचं. एकोणीस वर्षांत तिचा हात हे आपोआप करत आला होता. गुरुवारी फाटक ओलांडून गेल्यावर पहिल्या बाकावरची सहा वर्षांची मेझी म्हणाली होती, "मिस रोंडा, आज दार नाही उघडलंत तुम्ही." रोंडा हसली होती. "उघडलं गं बाई, तू डुलकी घेत होतीस." मेझीने मान हलवून सांगितलं होतं, "नाही. मी ऐकायला तयार बसले होते." त्यावर मागची मुलं हसली, रोंडाही परत हसली, आणि गोष्ट संपली. आता स्वयंपाकघरात बसून तिने फाटक आठवून पाहिलं. गिरणीचं वळण आठवलं. मग मेझीचा आवाज. मधलं फाटक स्वच्छ, पांढरं, बर्फ पडून गेलेल्या अंगणासारखं.

दवाखाना सोमवारी नऊला उघडणार होता. बस सोमवारी सहा चाळीसला निघणार होती.

दहाच्या सुमाराला ती बसच्या आवारात गेली. कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून त्याला विजेची वायर जोडून ठेवतात. ती नीट बसली आहे का बघायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. वायर बसलेली होती. ती आत चढली आणि चालकाच्या जागी बसली. वरच्या लांब आरशात तेरा-तेरा बाकांच्या दोन रांगा दिसत होत्या. एका बाकावर कुणाचा तरी लाल हातमोजा राहिला होता. आपण खिडकीबाहेर गेलो तर पाय ब्रेकवर असेल की दुसरीकडे? रेइनोमामाचा हात जिथे होता तिथेच राहिला होता. म्हणजे आपला पाय जिथे असेल तिथेच राहील. ताशी साठ किलोमीटरने जाणारी बस दोन मिनिटांत दोन किलोमीटर जाते. तळ्याकाठचा कठडा नसलेला पट्टा दीड किलोमीटरचा होता. हा हिशेब तिला नको होता, पण तो आपोआप झाला. काचेवर टकटक झाली तेव्हा ती इतकी दचकली की गुडघा स्टिअरिंगवर आपटला. खाली ग्लेन पेल्की उभा होता, बसगाड्यांचा व्यवस्थापक, दाढीत बर्फ घेऊन.

"काय गं, शनिवारीसुद्धा? बस पळून जाईल अशी भीती वाटते का?"

"वायर बघायला आले होते."

"बघ बाई, बघ. सोमवारी उणे बावीस सांगतायत. आणि बदलीला कोणी नाही, नॅन्सीच्या पाठीने संप केलाय. तू शिंकलीस तर मला चालवावी लागेल, आणि तुझी ती पोरं मला तोंडावर विचारतात, मिस्टर पेल्की, तुम्ही ब्रेक मारता की सूड घेता?"

रोंडा हसली. मग म्हणाली, "ग्लेन."

"हं?"

त्याच्या टोपीच्या कानपट्ट्या लोंबत होत्या. एक वाक्य बोललं की परवाना जाणार, हे तिला ठाऊक होतं. निदान सहा महिने, बहुतेक कायमचा. मग ओसरी, आणि खिशातली किल्ली. शिवाय बोलायचं काय? मी चार रेघा मारल्या नाहीत?

"डावा आरसा हलतोय," ती म्हणाली. "घट्ट करून घ्यायला हवा."

"लिहून ठेव," ग्लेन म्हणाला आणि गेला.

शनिवारचा सामना पाचला होता. ती पावणेपाचला आपल्या जागेवर पोचली तेव्हा एल्डन मट्टिला आधीच येऊन शेंगदाणे सोलत बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस अकरा वर्षं तिच्या डाव्या हाताला बसत होता. चाळीस वर्षं त्याने बर्फावरच्या धावण्याच्या शर्यतींत वेळ मोजली होती, आणि त्यासाठीचं, कळ दाबून सुरू-बंद करायचं काट्यांचं जाड घड्याळ अजून त्याच्या गळ्यात असे. कधी कधी तो बँडची गाणीसुद्धा मोजायचा.

"काल सामना संपताच पळालीस ती पळालीस," तो म्हणाला. "तीन-एक जिंकलो, आणि तोंड असं की हरलेला गोलरक्षक तुझाच होता."

"एल्डन, काल दुसऱ्या सत्रात तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं का? दुसरा गोल झाला तेव्हा?"

तो सोलायचा थांबला. "का?"

"सांगा ना."

"तू उठली नाहीस," तो म्हणाला. "सगळे उठले, तू बसलेली. मला वाटलं, गोल नियमात बसत नाही असं बाईसाहेबांचं मत आहे. नंतर मी शेंगदाणे पुढे केले, तर तू मूठ उघडलीस आणि घेतलेच नाहीस. ते खाली सांडले. म्हटलं, रागावली असेल कशावरून."

"मग विचारलं का नाही?"

"पोरी, आपल्याकडे कुणी कुणाच्या तोंडाकडे टक लावून बघतं का? लोक इथे बर्फ बघायला येतात."

हे खरं होतं. तीन हजार माणसं, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. माणसाला नाहीसं व्हायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. चार रेघा, फाटक, मेझी, मामाचा हात. सांगताना आवाज सपाट ठेवला, हवामान सांगावं तसा. मग तिने बसची किल्ली काढून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली.

"आज तुम्ही सामना बघायचा नाही. मला बघायचं. मी थांबले की घड्याळ सुरू, परत आले की बंद. सगळं संपेपर्यंत मला काही सांगायचं नाही, नाहीतर मी घाबरून मोजणी सोडीन. काटे शून्यावर राहिले तर ही किल्ली मी उचलीन आणि सोमवारी बस काढीन. नाही राहिले तर तुम्ही ती ग्लेनला द्यायची. मी मागितली तरी मला द्यायची नाही."

"आणि थांबलीस हे मला कळणार कसं? माझ्या वयात अर्ध्या ओळखीच्या बायका थांबलेल्याच दिसतात."

"तुम्हाला कळेल," ती म्हणाली. "मला नवव्या वर्षी कळलं होतं."

एल्डनने शेंगदाण्यांची पुडी बाजूला ठेवली, बाकावर आडवा वळला, मैदानाकडे जवळजवळ पाठ केली आणि घड्याळ मुठीत घेतलं. "स्कोअर तू सांगत राहा," तो म्हणाला. "एकोणीसशे एकोणसत्तरपासून मी असा बसलो नव्हतो. तेव्हा समोर माझी बायको होती."

पहिलं सत्र सुरू झालं. रोंडाने आज प्रत्येक रेघेशेजारी फलकावरची सत्राची उरलेली वेळही लिहायची असं ठरवलं होतं, म्हणजे कुठे फट पडली तर दिसेल. एकोणीस-अकरा, रेघ. अठरा-दोन, रेघ. चकती खांबाला लागली, टण्णकन आवाज आला, आणि मान न वळवता एल्डन म्हणाला, "खांब." तिने वर्तुळ काढलं. पण चकतीच्या मागे धावणारी तिची नजर आज पुन्हा पुन्हा परत फिरत होती. आहे का मी? आहे. आता? आहे. अंधारात दात दुखतोय का हे जिभेने चाचपत राहावं, तसं ती स्वतःला चाचपत होती, आणि चाचपणारी जीभ कोणाची, हा प्रश्न मध्येच येऊन तिच्या मानेवर गार हात ठेवत होता. कारण ज्या वेळी ती नसेल, त्या वेळी चाचपणारीही नसेल. एल्डनचे फिके निळे डोळे तिच्या गालावर होते. वॉरन गेल्यापासून इतका वेळ तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला तिला संकोच वाटला, मग राग आला, मग एक विचित्र ऊब. पहिला गोल झाला. ती उठली, बोट रोखलं, "एक!" आणि तिचा आवाज आणि लोकांचा आवाज एकाच जागी थांबले. सत्र संपल्यावर आलेल्या छापील कागदावर पहिल्या सत्राला दहा. तिच्या कागदावर दहा.

दुसऱ्या सत्रात ती खरोखर घाबरली. पाहुण्यांचा एक जण बाहेर बसला, आपली पोरं गोलासमोर गर्दी करू लागली, आणि हिरव्या पॅडवाल्याने मुखवटा वर करून तोंडावर पाणी मारलं. कालच्यासारखंच. रोंडाने ओठ चावला, रक्ताची चव आली, ती चव तिने धरून ठेवली. अकरा-चाळीस, रेघ. अकरा-एकतीस, रेघ. अकरा-वीस, रेघ आणि फुली. "एक! दोन!" भोंगा, बँड, आणि ती सगळ्यांबरोबर उभी होती, आणि कुठेच फट नव्हती. सत्राच्या शेवटी आणखी एक गोल झाला आणि "तीन!" म्हणताना तिचा आवाज फाटला. तेरा रेघा. छापील कागदावरही तेरा.

दुसऱ्या सत्रानंतर विश्रांती झाली. लोक कॉफीला उठले. रोंडाने पेन्सिल कानामागे खोवली आणि पाय लांब केले. खांदे इतके दुखत होते की जणू तिने दोन्ही सत्रं स्वतः खेळली होती. "ते शेंगदाणे द्या इकडे," ती एल्डनला म्हणाली. पलीकडच्या टोकाचं फाटक उघडलं आणि बर्फ घासून पाणी सोडणारं यंत्र डुलत डुलत बाहेर आलं. त्याच्या मागे ओल्या बर्फाचा काळा, चकाकणारा पट्टा उमटत जातो. तो पट्टा तिला लहानपणापासून आवडत असे. यंत्र तिच्या समोरून गेलं, मैदानाभोवतीची काच धुक्याने भरली. निम्म्याहून जास्त मैदान चकाकत होतं. आज चालवणारा भलताच घाईत दिसतोय, तिच्या मनात आलं. शेंगदाण्यांची पुडी मांडीवर होती. तिने एक फोडून खाल्ला. एल्डनने हातमोजा काढून कपाळ पुसलं, पण तो काही बोलला नाही, आणि बोलायचं नाही असं तिनेच सांगितलं होतं.

तिसऱ्या सत्रात तिला जवळजवळ आनंद झाला. हात हलका झाला होता, डोळे चकतीच्या पुढे अर्धा क्षण धावत होते, जसे वॉरन शेजारी असताना धावायचे. रेघा आपोआप पडत होत्या. मेझीला सोमवारी फाटकाशी आपण सांगू, आज तूच सांग केव्हा दार उघडायचं. गुरुवारी आपण उघडलंच असेल. पोरं काय, काहीही बोलतात. काल उपाशीपोटी आलो होतो, झोपही नव्हती. चौथा गोल झाला तेव्हा ती सगळ्यात आधी उठली आणि "चार!" असं इतक्या जोरात ओरडली की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं आणि हसली.

सामना संपल्यावर नोंदणीच्या टेबलावरून तिने गरम छापील कागद आणला आणि मांडीवर आपल्या कागदाशेजारी ठेवला. दहा, तेरा, दहा. दहा, तेरा, दहा. तेहेतीस आणि तेहेतीस. गोल चार आणि चार. तिने बोटाने दोनदा मोजलं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"एल्डन, बघा! एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही!"

"बघितलं."

"म्हटलं नव्हतं? काल झोप नव्हती झाली, दुसरं काही नाही."

"तुझी मोजणी बरोबर आहे, पोरी," तो म्हणाला. आज तो खरोखर अठ्ठ्याहत्तरचा दिसत होता. "जेवढे फटके झाले तेवढे तू सगळे मोजलेस."

बाकं रिकामी होत होती. खाली बँडची मुलं वाद्यं पेट्यांत भरत होती. रोंडाने किल्ली घ्यायला दोघांच्या मध्ये हात टाकला. हाताला शेंगदाण्याची टरफलं लागली आणि गार लाकूड. किल्ली तिथे नव्हती. तिने एल्डनकडे पाहिलं. त्याचा डावा हात कोटाच्या खिशात होता आणि खिशावरचं बटण लावलेलं होतं.

"कधी?" तिने विचारलं.

"ते यंत्र फिरत होतं तेव्हा. फटका मारायला बर्फावर कोणीच नव्हतं."

त्याने गळ्यातून घड्याळ काढलं आणि दोन्ही कागदांच्या मधोमध ठेवलं. काटे एक मिनिट चव्वेचाळीस सेकंदांवर थांबलेले होते.